सुधारणा आहे, पण…

नैराश्याविषयी आपल्याकडे आता पुष्कळ लिहिले जाते, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातले बहुतेक लेखन दोनच प्रकारच्या माणसांना समोर ठेवून केलेले असते. एक म्हणजे ज्याने अजून मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढलेली नाही आणि ज्याला ती चढायला लावायची आहे असा माणूस; दुसरा म्हणजे पायरी चढून, गोळ्या घेऊन, खडखडीत बरा होऊन आता दिवाळी अंकात आपला अनुभव सांगणारा माणूस. या दोघांच्या मध्ये एक मोठी रांग उभी आहे आणि ती सहसा काही बोलत नाही. या रांगेतली माणसे गोळ्या वेळेवर घेतात, डॉक्टरांच्या तारखा चुकवत नाहीत, समुपदेशकाकडे जातात, फिरायलाही जातात, आणि तरीही बरी होत नाहीत. पूर्वीइतकी आजारी नसतात, हेही खरे. साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणारी, पन्नाशीला टेकलेली मी गेली काही वर्षे याच रांगेत आहे, आणि इथे उभे राहून जे दिसते ते लिहून ठेवावे असे वाटले.

अर्धवट बरे असणे बाहेरून जवळजवळ दिसत नाही. सुरुवातीला मी अंथरुणातून उठत नव्हते, जेवत नव्हते, आणि घरच्यांना माझा आजार डोळ्यांनी दिसत होता. आता मी साडी नेसून, केस विंचरून, डबा घेऊन कामावर जाते. आजार उरला आहे तो बारीकसारीक जागी. बारावीच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की एखाद्या मुलाच्या निबंधाचे पहिले वाक्य वाचून मी दुसऱ्यापर्यंत पोचते तोवर पहिले पुसले गेलेले असते. पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते, आणि शेजारच्या मॅडम आपला गठ्ठा संपवून चहाला उठतात तेव्हा माझ्या गठ्ठ्याची सुतळी नुकती सुटलेली असते. पहाटे साडेतीन-चारला जाग येते ती येतेच, मग दूधवाल्याची मोटारसायकल गल्लीत शिरेपर्यंत छताकडे पाहत पडून राहायचे. सकाळ सगळ्यांत जड जाते, दुपारनंतर ओझे थोडे उतरते, आणि संध्याकाळी भेटणाऱ्या माणसाला माझ्यात काहीच वावगे वाटत नाही. या आजाराची अशी चाल डॉक्टरांना चांगली ठाऊक असते. नातेवाइकांना ती पटवून देणे मात्र मी सोडून दिले आहे. भाचीच्या केळवणाला बहिणीने मुद्दाम माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. ती गोड आहे एवढे कळले, पण त्यापलीकडे काही झाले नाही. रडूही आले नाही, कारण गोळ्यांनी रडणे मात्र पूर्ण थांबवले आहे.

अशा माणसाचे खरे नुकसान डॉक्टरांच्या खोलीत होते, असे माझे मत झाले आहे. बाहेर बाकांवर गर्दी असते, आपल्या वाट्याला फार तर दहा मिनिटे येतात. डॉक्टर विचारतात, "मॅडम, कसं वाटतंय?" मी उत्तर जुळवत असते तोवर शेजारच्या खुर्चीवरून नवरा सांगून टाकतो, "पहिल्यापेक्षा खूपच फरक आहे, डॉक्टर. आता कॉलेजलाही जाते." तो खोटे बोलत नसतो. त्याने जे दिवस काढले आहेत त्यांच्या मानाने आजचा दिवस त्याला सणासारखा वाटत असणार, आणि तो आनंद हिरावून घ्यायला माझी जीभ रेटत नाही. केस पेपरवर सुधारणा असल्याची नोंद होते, त्याच गोळ्या पुढच्या महिन्यासाठी लिहून मिळतात, आणि अर्ध्या आजाराला आणखी महिन्याभराची मुदतवाढ मिळते.

डॉक्टरांच्या शास्त्रात ही अडचण केव्हाच ओळखलेली आहे. मॅक्स हॅमिल्टन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली नैराश्याची तीव्रता मोजण्याची जी श्रेणी प्रसिद्ध केली, ती आजही संशोधनात वापरतात. तिच्यात गुण निम्म्यावर आले की उपचारांना प्रतिसाद मिळाला असे धरतात. आजार ओसरला असे म्हणायला मात्र गुण ७ किंवा त्याहून खाली यावे लागतात. म्हणजे २४ वरून १२ वर आलेला रुग्ण औषधाच्या हिशेबात यशस्वी ठरतो आणि घरी जाऊन आजारीच राहतो. दवाखान्यात त्याहून सोपी प्रश्नावली चालते, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. ती मराठीतही मिळते. भेटीच्या आदल्या रात्री ती भरून न्यायची आणि खाली काही ओळी स्वतःच्या हाताने लिहायच्या, ही सवय मी लावून घेतली: "झोप पहाटे चारला तुटते. सलग एक पान वाचून होत नाही. कशातही गोडी नाही. कामावर जाते ते रजा संपल्यामुळे." पहिल्यांदा तो कागद पुढे सरकवला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, नवऱ्याला अगदी सौजन्याने पाच मिनिटे बाहेर बसायला सांगितले, आणि औषधांचा फेरविचार त्या दिवशी सुरू झाला. तोंडी उत्तरात आपली भीड, सवय आणि समोरच्याची आशा हे सगळे मिसळते. कागदावर ते तेवढे मिसळत नाही.

पहिल्या औषधाने पुरता गुण न येणे हा अपवाद नाही, हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितले. अमेरिकेत सुमारे ४००० रुग्णांवर झालेल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांना आधी सिटॅलोप्रॅम हे एकच औषध दिले गेले. ज्यांचा आजार ओसरला नाही त्यांना औषध बदलून किंवा जोडीला दुसरे देऊन पुढच्या टप्प्यावर नेले, असे एकूण चार टप्पे होते. पहिल्या टप्प्यात सुमारे ३७ टक्के लोकांचा आजार ओसरला. दुसऱ्यात उरलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांचा, आणि तिसऱ्या-चौथ्यात जेमतेम १३-१४ टक्के लोकांचा. सगळे टप्पे मिळून ६७ टक्के, असा आकडा मग वर्षानुवर्षे सांगितला गेला. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मूळ आराखड्याला धरून त्याच माहितीची फेरतपासणी केली तेव्हा तो ३५ टक्के भरला, आणि त्यावरून बराच वाद झाला. तज्ज्ञांच्या भांडणात पडण्याची माझी पात्रता नाही. पण कोणताही आकडा खरा धरला तरी दोन गोष्टी शिल्लक राहतातच: या रांगेत मी एकटी नाही, आणि गोळीमागून गोळी बदलण्याच्या एकाच वाटेवर पुढे पुढे हाती कमी लागत जाते, तेव्हा कधीतरी वाटही बदलून पाहिली पाहिजे.

वाट बदलण्याआधी काही साध्या गोष्टी तपासाव्या लागतात, आणि त्या तपासल्या जातातच असे नाही. किमान दोन औषधे पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नसेल तरच नैराश्य उपचारांना दाद देत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात पुष्कळांचा डोस सुरुवातीच्याच पायरीवर राहिलेला असतो, किंवा दोन-तीन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून गोळी परस्पर बंद झालेली असते. थायरॉइड मंदावलेले असले, हिमोग्लोबिन उतरलेले असले, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकत असला, दारूची सवय झाकलेली असली, तर नैराश्याची गोळी एकटी काय करणार? आयुष्यात कधी याच्या उलट, विनाकारण उत्साहाचा, कमी झोपेचा, उधळपट्टीचा काळ येऊन गेला असेल तर आजार वेगळाच असू शकतो आणि त्याचे औषधही वेगळे असते. माझ्या तपासण्यांत बी-१२ बरेच कमी निघाले. शाकाहारी घरांत हे सर्रास आढळते. घरात आनंद झाला, कारण सापडले म्हणून. इंजेक्शने झाली, पायांतला थकवा आणि मुंग्या कमी झाल्या, आणि मन जिथे होते तिथेच राहिले.

त्यानंतर जोडीला लिथियम आले. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि पुढे नैराश्याच्या अपुऱ्या पडणाऱ्या औषधाला जोड म्हणूनही ते वापरात आले. जुने आणि स्वस्त औषध आहे, पण त्याचे रक्तातले प्रमाण अधूनमधून तपासावे लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइडकडे लक्ष ठेवावे लागते, आणि अंगातले पाणी कमी होऊ देऊन चालत नाही, कारण मग ते प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. सांधे दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेणेही बंद. डॉक्टरांनी हरतालिकेचा निर्जळी उपवास करायचा नाही असे सांगितले तेव्हा सासूबाई कुरकुरतील असे वाटले होते. त्यांनी ते विनातक्रार मानले. ती गोळी बीपीची आहे अशी त्यांची समजूत आहे आणि घरात कुणी ती बदलायला गेलेले नाही. लिथियमने मला थोडे वर उचलले. किती, ते प्रश्नावलीत दिसते. रोजच्या जगण्यात ते असे दिसते की पहाटेची ती वेळ आता लांब वाटते, अनंत वाटत नाही.

या सगळ्यात ज्याची बेरीज कोणत्याच प्रश्नावलीत होत नाही, तो भाग म्हणजे उदास असल्याबद्दलची उदासी. इतके उपचार करूनही आपण बरे होत नाही, म्हणजे आपणच कुठेतरी कमी पडतो, मनापासून प्रयत्न करत नाही, घरच्यांचा पैसा आणि धीर वाया घालवतो, हा विचार मूळ आजाराच्या डोक्यावर बसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, तिच्यात या दुसऱ्या थराचा फार नेमका विचार आहे, आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत इतक्या चिकाटीने समजावून सांगितली की आपल्याकडच्या समुपदेशकांच्या बोलण्यात ती सहज येते. माझ्या समुपदेशक ताई मूळ उदासीला हातच लावत नाहीत कित्येकदा. "आज सकाळ जड गेली" हे त्या मान्य करतात, आणि "जड जायला नको होती, इतक्या महिन्यांनंतर तर नकोच होती" या पुढच्या वाक्याशी मात्र भांडतात. जायला नको होती असा कायदा कुठे लिहिला आहे, असे विचारतात. पहिल्यांदा मला याचा राग आला होता. आता त्या वाक्याला मी स्वतःच अडवते, कधी जमते, कधी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सकारात्मक विचारांचे जे सुविचार येतात, त्यांनी हा दुसरा थर आणखी जाड होतो एवढे मी अनुभवाने सांगू शकते; पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो म्हणून ते मी न उघडता ठेवते.

औषधाला बोलण्याच्या उपचाराची जोड दिली तर काय होते, याचा ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो नेमका आमच्या रांगेवर झालेला आहे. गोळ्या घेऊनही बरे न झालेल्या ४६९ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर विचार-वर्तन उपचार दिले गेले. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांच्या गुणांत निम्मी किंवा त्याहून जास्त घट झाली. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारी, गोव्यात, 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जे करून दाखवले ते आणखी साधे आहे. मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून त्यांच्याकडून सहा ते आठ भेटींचा एक उपचार दिला गेला. तीन महिन्यांनी तो घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा आजार ओसरला होता, आणि न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा. तिथले रुग्ण आमच्यासारखे औषधे घेऊन थकलेले होते असे नाही, म्हणून तो आकडा मी माझ्या नावावर लावून घेत नाही. त्यातले सूत्र मात्र घेते: मन लागेल तेव्हा करू असे न म्हणता आधी करायचे, ठरलेल्या वेळी, ठरलेले तेवढेच, आणि मनाला मागून येऊ द्यायचे.

हे ऐकायला उपदेशासारखे वाटते, म्हणून प्रत्यक्षात ते किती बारीक असते ते सांगते. "रोज व्यायाम" असे समुपदेशक ताई आणि मी मिळून आखतो त्या तक्त्यात कधीच नसते. "मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत जाणे, वर बसावेसे वाटले नाही तर लगेच परत फिरणे" असे असते. सगळे सातारा अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाते. माझी सकाळ मेलेली असते, म्हणून मी संध्याकाळ धरली. त्याच हिशेबाने प्राचार्यांना भेटून, कारण न सांगता, पहिल्या दोन तासिकांऐवजी नंतरच्या मागून घेतल्या. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात माणसे अंघोळी सोडत नाहीत, कोणत्या हंड्यातले पाणी कशाला हे ठरवतात. माझ्याकडे जेवढी शक्ती दिवसाला येते तिचे मी तसेच करते. शिकवणे पहिल्या हंड्यात. मुलाशी फोनवर बोलणे दुसऱ्यात, आणि तो बंगळूरहून फोन करतो तेव्हा कॅमेरा बंद ठेवायची मुभा त्याने मला दिली आहे. लग्नकार्ये, हळदीकुंकू, शेजारच्या सोसायटीचा गणपती यांना उरलेसुरले मिळते, बहुतेकदा मिळत नाही. पूर्ण बरे झाल्यावर जगायला सुरुवात करू, या विचारात माझी बरीच वर्षे गेली असती. तो विचार समुपदेशक ताईंनी वेळीच काढून घेतला, याचे त्यांना श्रेय दिले पाहिजे.

एका प्रश्नाविषयी मोकळेपणाने लिहिले पाहिजे, कारण तो त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न आहे. उपचार पुरे पडत नाहीत असे दीर्घकाळ वाटत राहिले की मरणाचा विचार येतो. सकाळी जाग आली नाही तर बरे, इतपत तो सौम्य असतो, कधी त्याहून पुढे जातो. माझा तो विचार डॉक्टरांना माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे आणि कोल्हापूरच्या बहिणीला माहीत आहे. गोळ्यांचा साठा नवऱ्याच्या ताब्यात असतो, मला दिवसापुरत्या मिळतात. पहाटे बहिणीला कितीही वाजता फोन करायचा असे ठरलेले आहे, आणि तिने एकदाही "अगं, असं काय बोलतेस" असे म्हटलेले नाही, ती म्हणते, "बोल, मी चहा टाकते." ज्यांना अशी बहीण नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. विचार नुसता येणे आणि त्यापुढे काही ठरायला लागणे यांत अंतर असते; ते अंतर कमी होऊ लागले तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठायचे, हे माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे.

आता पुढचा प्रश्न आहे. विजेच्या झटक्यांचा विषय डॉक्टरांनी स्वतःच काढला, तो मला लागलीच द्यायचा म्हणून नव्हे, माझी भीती काढण्यासाठी. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेला हा उपचार तीव्र नैराश्यात आजही सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक मानला जातो. काही काळाच्या आठवणी पुसट होतात हा त्याचा खरा तोटा आहे, आणि सिनेमात दाखवतात तसे माणसाला धरून, जागेपणी शॉक देणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्याकडे बेकायदा ठरवले आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच तो करावा लागतो. माणूस जेवणखाण सोडून बसला असेल, जिवाला तातडीचा धोका असेल, तर तो आधी सुचवतात. माझ्यापुढे त्यांनी ठेवलेला पर्याय दुसरा आहे, डोक्याला बाहेरून चुंबकीय स्पंदने देण्याचा. अमेरिकेत त्याला २००८ साली मान्यता मिळाली. भूल लागत नाही, आठवणींना धक्का लागत नाही, आणि गुण येण्याची शक्यता आहे, खात्री नाही. डॉक्टरांनी तेवढेच सांगितले आणि त्याहून जास्त काही सांगितले नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

अडचण अशी की त्यासाठी आठवड्यातले पाच दिवस, सलग चार ते सहा आठवडे पुण्यात जावे लागेल. रोज खंबाटकीचा घाट ओलांडून येणे-जाणे माझ्याच्याने होणार नाही. खर्चाची जुळवाजुळव नवऱ्याने केली आहे आणि तो विषय काढला की रागावतो. परीक्षांचे काम संपल्यावर वैद्यकीय रजा मिळू शकेल. प्रमाणपत्रावर मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का असेल आणि तो कार्यालयातल्या सगळ्यांना दिसेल, याचीही मी आता तयारी केली आहे. दीर कोथरूडला राहतात, घर मोठे आहे, त्यांनी आपणहून खोली देऊ केली. मी रोज सकाळी कुठे जाते हे जाऊबाई विचारणारच, आणि त्यांना सांगितले की आठवड्याच्या आत ते सासूबाईंपर्यंत पोचणार. तेव्हा बीपीच्या गोळीची गोष्ट सासूबाईंना आधी मीच सांगावी, असे आमचे परवा रात्री ठरले आहे. त्या रविवारी पंढरपूरहून येतात.